मागीलदारी बसायचं कुठे?

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावात पाहुणा पुढची ओटी बघतो आणि घरात नांदणारी बाई मागीलदार बघते. ह्यांची नोकरी संपली तसं आम्ही ठाण्याचं बिऱ्हाड आवरलं आणि सासूबाईंना घेऊन गावच्या घरी राहायला आलो. घर पूर्वेला तोंड करून आहे. मागे पश्चिमेला चारेक गुंठे जागा, वायव्येच्या कोपऱ्यात विहीर, कडेला एक जुना रायवळ आंबा आणि माडांची ओळ. वर्षाचे दहा महिने तिथे आम्ही तीन माणसं. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-पुण्याचे सगळे आले की पंचवीस. एवढ्यांना उठाबसायला जागा हवी, पोरांना खेळायला हवी, आणि एरवी संध्याकाळी आम्हाला निवांत चहा घेता यायला हवा, असं मागीलदार करायचं होतं.

भाचीने हौसेने तिच्या ओळखीच्या एका आखणीकाराकडून नकाशा करून पाठवला. हिरवळ, मधोमध गझिबो, दगडी वाट, कोपऱ्यात कारंजं. चित्र देखणं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट बघितलं आणि विचारलं, "ह्यात भांडी कुठे घासायची?" नकाशा तिथेच मिटला. पुढे जे करत गेलो त्यातून जे कळलं, ते सांगते.

१. झाडांची यादी नंतर, कामांची आधी.

मागीलदारी वर्षभरात काय काय होतं हे लिहायला बसलो तर कागद पुरेना. भांडी, कपडे, मासे साफ करणं, नारळ सोलणं, फणस फोडणं, काजू भाजणं, आमसुलं वाळवणं, कुरडया-पापड घालणं, दुखण्यातून उठलेल्या माणसाला कोवळ्या उन्हात बसवणं. यातल्या प्रत्येकाची जागा वेगळी. मासे साफ करायला नळ हवा, उतार हवा आणि मांजरांपासून आडोसा हवा. शिवाय वारा जिकडून येतो त्या बाजूला ती जागा नको, नाहीतर बसलेल्यांना वासाने उठावं लागतं. वाळवणाला सलग ऊन लागतं आणि कावळ्यांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतं. फणस फोडताना हाताला खोबरेल लावून चारजणं कोंडाळं करून बसतात, चीक इकडेतिकडे गळतो, आणि तो एकदा लादीवर सुकला की खरवडून निघत नाही. फणसाला मातीची जमीनच बरी.

कामाची जागा एकीकडे आणि आरामाची दुसरीकडे अशी वाटणी केली की आरामाची जागा ओस पडते, असं माझं मत झालं आहे. माणसं जिथे काही चाललेलं असतं तिथेच येऊन टेकतात. गरे काढणाऱ्या बायकांभोवती दीर, भाचे, नातवंडं जमतात. सजवलेल्या कोपऱ्यातल्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. म्हणून बैठक आणि काम दोन्ही हाकेच्याही आत ठेवली. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीचा कट्टा रुंद करून घेतला. चहाचे कप आणि भज्यांची परात तिथून बाहेर सरकते आणि रिकामी भांडी तिथूनच आत येतात. पंचवीस पानं असली तरी घरच्या बाईला गप्पा ऐकू येतात. मागीलदार जमलं की नाही हे मी यावरूनच ठरवते.

२. ऊन मे महिन्यात वेगळं बघावं, डिसेंबरात वेगळं.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ८ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेला कायम गारवा, ही समजूत ऐन मे महिन्यात टिकत नाही. डिसेंबरात उलटं. सूर्य दक्षिणेकडे कलतो, दुपारी बारालाही जेमतेम पन्नास अंश चढतो, आणि पाच मीटर उंच घराची सावली उत्तरेला सव्वाचार मीटर लांब पडते. उन्हाला बसायची बाज तिथे टाकून उपयोग नाही.

त्याहून कामाची गोष्ट मावळतीची. मे महिन्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, तिथून सुमारे १८ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. गवंड्याने आडोशाची खूण सरळ पश्चिमेला केली होती. सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात ऊन विहिरीकडून येतं, तिकडे करा." विहीर वायव्येला. अंश-बिंश त्यांना ठाऊक नाहीत, पण इतके उन्हाळे त्यांनी तिथेच पापड राखत काढलेत. आडोसा विहिरीच्या बाजूला सरकवला आणि संध्याकाळी पाचला डोळ्यांवर येणारी तिरीप थांबली.

आणि सगळीकडे सावली करू नये. शहरातून येणाऱ्याला सावलीचं कौतुक फार, पण मागीलदारी उन्हाचं काम जास्त. रातांब्याची सालं रसात आणि मिठात पुन्हा पुन्हा बुडवून दिवसच्या दिवस वाळवावी लागतात, तेव्हा आमसुलं काळी होतात. विहीर आणि घर यांच्यामधला एक पट्टा आम्ही झाडांविना ठेवला आहे. कपड्यांची दोरीही तिथेच. पाहुण्यांपुढे कपडे वाळत घातलेले दिसतात म्हणून जाऊबाई कुरकुरतात. पाहुण्यांच्या घरीही कपडे वाळतच असणार.

३. धूर कुठे जाईल ते घड्याळ बघून ठरतं.

किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री ते पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. आमचं मागीलदार पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तिथे चूल पेटवली की सगळा धूर थेट माजघरात. सकाळी तीच चूल पेटवली तर धूर विहिरीवरून पलीकडे निघून जातो.

काजू भाजायचं तर हे फारच जपावं लागतं. भोकं पाडलेल्या पत्र्याखाली जाळ करून वर बिया पसरतात. थोड्या वेळात टरफलातलं तेल सुटतं, बियांना चरचर फेस येतो, मग ते तेल एकदम पेट घेतं आणि थेंब फटाफट उडायला लागतात. ते तेल कातडी जाळतं, धुराने डोळे चुरचुरतात. लांब काठीने बिया हलवत राहायचं आणि काळ्या झाल्या की पत्रा उलटून वरून राख टाकून विझवायच्या. हे काम सकाळी आठच्या आत उरकतं, बैठकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, आणि पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाही. बिया फोडायला मात्र सगळी बैठकीपाशी येतात. काळे झालेले हात, पुढ्यात एकेक दगड, आणि भांड्यात पडण्याआधी तोंडात जाणारे गर.

भाचे रात्री शेगडी मांडून कोंबडी भाजतात त्याला ही अडचण येत नाही. रात्री वारा पडलेला तरी असतो किंवा फिरलेला तरी. संध्याकाळी सहालाच घाई केली तर घरभर वास.

४. मांडव घालावा, छप्पर घालू नये.

तुळशीचं लग्न झालं की आम्ही मागीलदारी मांडव घालतो. आधी जमीन. पावसाने उखडलेली माती खणून, ढेकळं फोडून सारखी करायची, पाणी मारायचं, ती जरा आळली की चोपायला घ्यायची. चोपणं म्हणजे दांडा बसवलेली जाड लाकडी फळी. सुरुवातीला ते मातीवर बद्द वाजतं. माती बसत जाते तसा आवाज टणक होत जातो, आणि हात सरावलेला माणूस कान देऊनच पुढच्या जागेवर सरकतो. आमच्याकडे हे काम उन्हं उतरल्यावर सुरू करतात, म्हणजे ओल एकदम उडत नाही आणि तडे जात नाहीत. मग शेणाचं सारवण. शेण पातळ कालवायचं, एका दिशेने हात फिरवायचा. सारवलेल्या जमिनीवर मे महिन्याच्या दुपारीही अनवाणी बसता येतं. सिमेंटच्या कोब्यावर पाय ठेववत नाही.

मांडवाला पोफळीच्या मेढी, त्यावर आडवे बांबू, गाठी सुंभाच्या, आणि वर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं. झापांतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून खाली कोंदट होत नाही. कमी उंचीच्या बाजूलाही सव्वादोन मीटर तरी ठेवावं, नाहीतर उंच माणूस येताजाता वाकतो आणि शेवटी तिकडे जाणंच टाळतो.

मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागतं, त्याच्या आत झापं उतरवायची. ती चुलीला होतात. मेढी आणि बांबू मात्र आम्ही तसेच ठेवतो आणि त्यावर पडवळ, दोडकी, कारली चढवतो. गणपतीपर्यंत मांडव हिरवागार होतो, आणि ऋषिपंचमीच्या भाजीला लागणारी पडवळं-दोडकी घरातल्या पोरी वर हात करून काढतात. खाली अळू असतोच.

गावात आता बरेच जण मागे लोखंडी खांब रोवून पत्रा घालतात. एकदाचा खर्च, दरवर्षीची कटकट नाही, हे खरं. मांडव घालणारी माणसंही आता सहज मिळत नाहीत. पण पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही आणि जुलैत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग ती जागा हळूहळू मोटरसायकल, लाकडं आणि जुन्या गाद्यांची होते. आम्ही कायमचं छप्पर फक्त स्वयंपाकघराच्या दाराला लागून, अडीच मीटर रुंद पडवीपुरतं केलं. त्यावर मंगलोरी कौलं आहेत. पावसाचे चार महिने आमची तिघांची बैठक तीच.

५. म्हाताऱ्या माणसाला उठता आलं पाहिजे.

चिऱ्याचा कट्टा सगळेच बांधतात आणि त्याला पाठ कुणीच करत नाही. बिनपाठीच्या कट्ट्यावर साठीपुढचं माणूस दहा मिनिटांत पाय बदलायला लागतं. बसायची उंची दीड फूट, खोली तेवढीच किंवा किंचित कमी, पाठ थोडी मागे कललेली, आणि निदान एका टोकाला धरून उठायला हात. खोली जास्त झाली तर पाठ टेकत नाही, उंची कमी झाली तर उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. आमच्या आतेसासूबाई नव्वदीला आल्यात. त्यांच्या हाताचा चिरा इतक्या वर्षांत गुळगुळीत झाला आहे.

कट्टा सरळ रेषेत बांधू नये. सरळ कट्ट्यावर माणसं एसटीच्या थांब्यावर बसल्यासारखी बसतात, पलीकडच्या टोकाचं बोलणं ऐकू येत नाही. काटकोनात केला की सगळे एकमेकांची तोंडं बघून बसतात आणि मधल्या जागेत सतरंजी पडते. झोपाळा हवा असेल तर त्याच्या पुढे-मागे मीटर-दीड मीटर मोकळं ठेवा. रांगतं पोर घरात असेल तर तेवढे महिने कड्या काढूनच ठेवा.

६. माडाखाली बसायची जागा करू नये.

पंधरा मीटरवरून सुटलेला नारळ जमिनीवर येईतो ताशी साठ किलोमीटरचा वेग धरतो. वाळलेली झावळीही हलकी नसते. माडाला टांगलेल्या जाळीदार झुल्याचे फोटो काढणारे बहुधा तिथे राहत नाहीत.

७. पाणी आधी वाट ठरवतं, मग आपण.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या मुलखात मागीलदाराची आखणी उन्हाळ्यात बसून करणं फुकट आहे. हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर साधारण १२० चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पडला, आणि जुलैत तसा पडतो, की छपरावरूनच १२,००० लिटर खाली येतं. त्यातलं निम्मं मागीलदारी. पागोळ्या जिथे पडतात तिथे एकाच पावसाळ्यात चर पडतो. आम्ही त्या रेषेत नदीचे गोटे भरले आणि तिथून पाणी माडांच्या आळ्यांकडे काढून दिलं. जमिनीला मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर उतार पुरतो; डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला बरोबर कळतो. उतार घराकडे नको आणि विहिरीकडेही नको. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी विहिरीपासून लांब, अळू, कर्दळ आणि केळींच्या वाफ्यात. डबकं दिसत नाही आणि वडीला पानं मिळतात.

चिऱ्याची पाखाडी दिसायला सुंदर. पण चिरा पाणी पितो, जुलैत त्यावर शेवाळ चढतं आणि गणपतीला आलेली शहरी मंडळी त्यावरून सटकतात. मृगाआधी वाट खराट्याने घासून घ्यायची, आणि पावसात घसरण वाढली की वाळक्या झावळ्या आडव्या टाकायच्या. वाटेची रुंदी चार फूट. दोन माणसं समोरासमोरून, त्यातल्या एकाच्या हातात मोदकांचं पातेलं, जाऊ शकली पाहिजेत. आणि वाटेच्या शेवटी पाय धुवायला नळ. घरातला निम्मा चिखल तिथेच थांबतो.

८. हिरवळ.

उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं. पन्नास चौरस मीटरला रोजचे दोनशे ते अडीचशे लिटर, तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहिरीत बादली तळाला लागते आणि घरात पंचवीस माणसं असतात. पावसाळ्यात तर लावलेल्या गवताला आपलं रानगवत जगूच देत नाही. आषाढात सगळं मागीलदार फुकटात हिरवं होतं. तेवढं पुरे.

९. झाड लावताना त्याचं दहाव्या वर्षीचं रूप डोळ्यांपुढे आणा.

हापूसच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवतात, माडांत साडेसात. रोपवाटिकेतून हातभर उंचीचं कलम आणलं की हे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि ते खिडकीपासून पाच फुटांवर लागतं. बैठकीशेजारी मला विचाराल तर रातांबा. बारा महिने हिरवा, गर्द, आपोआप शंकूसारखा वाढतो, फांद्या खाली झुकतात, आणि सरबताला फळ देतो. पण कलमच लावा. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मीशिम्मी नर निघतात आणि ते फळं न धरल्यावर कळतं, म्हणजे सहा-सात वर्षांनी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकम अमृता' ही जात त्यासाठीच घेतात.

रायवळ आंब्याची सावली मोठी, तरी त्याखाली कायमची बैठक नको. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे चिकट थेंब गळतात, खुर्च्या काळ्या पडतात. पानं शिवून घरटी करणारे लाल मुंगळे कॉलरमधून आत शिरतात. आंब्याखाली मे महिन्यात पोरं असतात, वाऱ्याने पडलेल्या आंब्यांवरून भांडत. ती जागा त्यांचीच.

वासाची झाडं बसायच्या जागेपासून थोडी दूर, वारा येतो त्या दिशेला लावावीत. सोनटक्का विहिरीच्या ओलीत, अनंत पडवीच्या कोपऱ्यावर. पारिजातक सारवलेल्या जमिनीच्या कडेला लावला तर सकाळी फुलं चिखल न लागता वेचता येतात. बकुळ फार सावकाश वाढते. ती नातवंडांसाठी लावायची. रातराणी खिडकीजवळ नको. पाहुण्यांना पहिल्या रात्री आवडते, दुसऱ्या रात्री डोकं धरतं.

१०. चिऱ्यांचा ढीग आणि सरपणाची रास बैठकीपासून लांब ठेवा.

रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं. बोटभर जाडीचं, मातीच्या रंगाचं, दगडाच्या फटीत बसून राहणारं. नाग, मण्यार, घोणस यांच्याबरोबर सर्पदंशावरची लस ज्या चार सापांसाठी बनते त्यात ते आहे. गडगा रचीव असेल तर त्याच्या फटी सापाला आणि विंचवाला सारख्याच सोयीच्या. बसायच्या जागेमागचा गडगा तेवढा मातीने लिंपून घ्यावा, खालचं गवत काढावं. रात्री मागीलदारी जाताना बॅटरी आणि पायात चप्पल, हा नियम पाहुण्यांनाही सांगावा, भिडेखातर सोडू नये. विंचू चावला तर मांत्रिक नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणात कितीतरी जीव वाचलेत. जवळचा दवाखाना कुठला, तिथे लस असते का, हे मे महिन्याआधी विचारून भिंतीवर लिहून ठेवावं.

११. पोरांसाठी वेगळा कोपरा करण्याच्या फंदात पडू नये.

रंगीत घसरगुंडी आणली तर दोन दिवस चालते. पोरांना मोठ्यांच्या पायांत घोटाळायचं असतं. बांधकामातून उरलेली वाळू आम्ही बैठकीच्या कडेला पसरून ठेवली. तिच्यात किल्ले होतात, शंख पुरले जातात आणि मांजर येऊन घाण करू नये म्हणून रात्री वर जाळं टाकावं लागतं. पेरूचं झाड खालून छाटू नका, चढायला फांद्या लागतात.

विहिरीवर मात्र तडजोड नाही. कठडा तीन फुटांचा, वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. पाणी शेंदायच्या वेळेपुरतीच ती उघडायची. ह्यांना जाळी विद्रूप वाटत होती. बसवली.

१२. दिवा माणसांवर नको, वाटेवर हवा.

पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते आणि ताटात पडते. पांढरा झगझगीत दिवा तिला जास्त ओढतो, पिवळसर मंद दिवा कमी. जेवणाच्या जागेवर पिवळा दिवा खाली लावायचा आणि एक पांढरा दिवा मुद्दाम लांब, विहिरीपलीकडे. किडे तिकडे जातात. गुडघ्याच्या उंचीचे दोन-तीन दिवे पाखाडीला पुरतात.

डासांना धूप-लोभानाने फार तर तासभर थोपवता येतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडं कोरडं केलं की काम होतं. करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, पन्हळीत अडकलेली पानं. कमळाची कुंडी ठेवायची असेल तर तिच्यात गप्पी मासे सोडा. कारंजं आम्ही केलं नाही.

१३. कधी काय करायचं.

आखणी जून-जुलैत करा. छत्री घेऊन भर पावसात मागीलदारी उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते खुंट्या मारून ठेवा. झाडं-कलमं तेव्हाच, पाऊस स्थिरावला की. चिरेकाम दिवाळीनंतर, मांडव तुळशीच्या लग्नानंतर, विहिरीची जाळी आणि पाखाडी होळीच्या आत. मे महिन्यात काही काढू नका. गवंडी मिळत नाही, मिळाला तर पाहुण्यांच्या पायांत सिमेंट. आणि नकाशा कुणाकडूनही करून घ्या, पण कामाला हात लावण्याआधी घरात भांडी कोण घासतं, त्या बाईला तो दाखवा.